पंधरा किलोची अब्रू

“सर, सोळा पॉइंट चार.”

काउंटरवरच्या मुलीचा आवाज इतका गोड होता की क्षणभर वाटलं, माझे मार्क सांगतेय. तिकिटावर मुभा १५ किलोची. घरच्या डिजिटल काट्यावर बॅग भरली होती १४ किलो ६०० ग्रॅम. म्हणजे पहाटे कोथरूडहून निघून लोहगाव विमानतळावर पोचेपर्यंत बॅगेने १ किलो ८०० ग्रॅम अंगावर घेतलं. वाटेतली धूळ धरली तरी एवढं होत नाही.

हा काटा मी खास या प्रवासासाठी तापकीर गल्लीतून आणला होता, साडेचारशे रुपये मोजून. वर मूठ, खाली हूक, मधे आकडे. “बरोबर दाखवतो ना?” असं विचारल्यावर दुकानदाराने माझ्या हातातलं हेल्मेट घेऊन हुकाला अडकवलं. १ किलो २०० ग्रॅम. “बघा,” तो म्हणाला. मी बघितलं. हेल्मेटचं खरं वजन किती, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं, पण आकडा इतक्या ठामपणे आला की शंका घेणं असभ्य वाटलं. घरी मी बॅग उचलून धरली तेव्हा बायको म्हणाली, “अरे, मांडीला टेकलीय तुझ्या.” त्याने काही फरक पडत नाही, असं मी तिला सांगितलं.

जास्तीच्या किलोचा दर ऐकला. त्या भावाने मी बदामसुद्धा घेत नाही. मग बॅग ओढत बाजूला आलो आणि जमिनीवर बसून उघडली. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेलं हे नवं टर्मिनल, फरशी अशी चकचकीत की माझं सगळं सामान दोनदा दिसत होतं, एकदा बॅगेत आणि एकदा फरशीत.

“किती जास्त आहे हो?”

वर बघितलं. सत्तरीच्या काकू. पंजाबी ड्रेस, त्यावर हाताने विणलेला स्वेटर, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. रांगेतला आपला नंबर मागच्याला सांभाळायला देऊन त्या खास माझ्यासाठी आल्या होत्या.

“एक किलो चारशे.”

“एवढंच ना? काढू आपण.”

‘आपण’ हा शब्द मला तिथेच टोचायला हवा होता. काकूंनी एक गुडघा टेकला, पर्स मांडीवर घेतली आणि माझ्या बॅगेत हात घातला. पहिल्यांदा निघाले पॅकिंग क्यूब. चेनच्या सहा कापडी डब्या, एकात शर्ट, एकात मोजे, एकात मी कशात काय ठेवलंय त्याची यादी.

“पिशवीत पिशव्या?” त्यांनी एक रिकामी करून हातावर तोलली. “हिचंच शंभर ग्रॅम आहे की. जुनी उशीची अभ्री नव्हती का घरात?”

मग मानेची उशी. घोड्याच्या नालासारखी, मेमरी फोमची.

“ही विमानात लागते ना? मग विमानाच्या पोटात कशाला टाकताय?”

याला उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. सोसायटीच्या वॉचमनसमोरून ती गळ्यात घालून जायची मला लाज वाटली होती. वास्तविक दिल्ली सव्वादोन तासांवर. तेवढ्या वेळात माझी मान पडून पडून किती पडणार? पण व्हिडिओतला तो माणूस उशी लावून इतका समाधानाने झोपला होता की मला माझी नुसती मान अपुरी वाटायला लागली.

पुढे निघाली विजेची किटली. “अगं बाई!” काकूंनी ती उंच धरली, आणि रांगेतल्या ज्या चारपाच लोकांनी अजून पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहिलं. “कुठे निघालाय तुम्ही?”

“मावसभावाच्या मुलीचं लग्न आहे.”

“लग्नात चहा देत नाहीत का तुमच्याकडे?”

इथे मला खरंच राग आला, आणि तो काकूंचा नव्हता. वडील प्रवासाला निघाले की त्यांचा होल्डॉल, फिरकीचा तांब्या आणि खालच्या बर्थला बांधायची साखळी असा संसार बरोबर असायचा. त्यांना कुणी कधी काट्यावर उभं केलं नाही. रेल्वेत साध्या स्लीपरलासुद्धा माणशी ४० किलो फुकट नेता येतं. विमानात पूर्वी खाणं तिकिटातच यायचं, ते गेलं. पाय लांब करायचे तर पुढच्या सीटचे वेगळे पैसे. एकेक सोय तिकिटातून बाहेर काढली, ती आपण विकत घेऊन बॅगेत भरली, आणि आता बॅगेचं वजन करतात. यात किटलीचा काय दोष?

हे सगळं मी मनात बोलत असताना काकू बॅगेच्या तळाशी पोचल्या होत्या.

“आणि ही वीट कसली?”

पॉवर बँक. माझ्या पोटात गोळा आला. कारण दहाच मिनिटांपूर्वी काउंटरवरच्या मुलीने विचारलं होतं, “सर, बॅगेत पॉवर बँक, लायटर, सुटी बॅटरी?” आणि मी, देवळात ‘घंटा वाजवू नये’ वाचून घंटा वाजवणाऱ्याच्या सवयीने, “नाही” म्हणालो होतो.

“अहो मॅडम,” काकूंनी तिथूनच आवाज दिला, “यांच्याकडे निघाली बरं का!”

अख्खी रांग वळली. मी उभा राहून, का कुणास ठाऊक, हिशोब सांगायला लागलो. वीस हजार एमएएच म्हणजे तीन पॉइंट सात व्होल्टने ७४ वॉट-अवर, आणि १०० वॉट-अवरपर्यंत परवानगी न घेता चालतं.

“चालतं, पण हातातल्या बॅगेत,” काकू म्हणाल्या. “तिथे पेटली तर दिसते, विझवता येते. खाली पेटली तर कुणाला कळणार? मुलाने सांगितलंय मला. तू शिकलेला ना रे?”

‘अहो’चं ‘अरे’ झालं ते तिथे. पंचेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर मावळते केस असताना.

एक्स्टेन्शन बोर्ड तेवढा पास झाला. “हे मात्र शहाणपणाचं. कार्यालयात एकच प्लग असतो, तोही कपाटामागे.” या एका वाक्यावर मी त्यांना पुढची दहा मिनिटं माफ केलं.

उशी ३००, किटली ७००, पॉवर बँक ४००. काकूंनी बोटांवर बेरीज केली. “उशी गळ्यात घाल. गळ्यातलं वजन करत नाहीत.” त्यांनीच ती घातली आणि पुढचं बटणही लावलं. बॅग पुन्हा काट्यावर ठेवली. बरोबर १५. मुलगी गोड हसली. माझ्याकडे नाही, काकूंकडे.

त्यांची स्वतःची बॅग १४.९ भरली. आत लाडू, कुळथाचं पीठ आणि लोणच्याची बरणी आहे, असं त्यांनी न विचारता सांगितलं.

“काकू, तुमच्याकडे कुठला काटा आहे?”

“काटा कसला? कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याकडून करून आणलं. त्याच्याकडे साडेतेरा भरलं. तो किलोला शंभर ग्रॅम मारतो, तेवढे मी वर धरते.”

सुरक्षा तपासणीत जवानाने किटली उघडून बघितली. आत माझे दोन मोजे होते. जागा वाचवायला बायकोने कोंबलेले. त्याने किटलीकडे बघितलं, गळ्यातल्या उशीकडे बघितलं आणि काही न विचारता जाऊ दिलं. मला त्याने काहीतरी विचारलं असतं तर बरं वाटलं असतं. विमानात उशी लावून बसलो तर तिने डोकं पुढे ढकललं. सव्वादोन तास मी स्वतःच्या पोटाकडे बघत दिल्लीला गेलो.

परत आल्यावर काटा घेऊन तडक तापकीर गल्ली गाठली. बायकोही आली होती, तिला तुळशीबागेत जायचं होतं. “एक किलो आठशे कमी दाखवतो,” मी दुकानदाराला सांगितलं, जरा चढ्या आवाजातच. तो काही बोलला नाही. माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं आणि हुकाला अडकवलं.

“मागच्या वेळी किती आलं होतं?”

“एक किलो दोनशे.”

“आता किती आलंय?”

“एक किलो दोनशे.”

“बॅग कुठे टेकली होती का?” त्याने विचारलं.

मी “नाही” म्हणालो. बायको समोरच्या दुकानातल्या दिव्यांच्या माळा बघायला लागली.