ताई, ते झालं का वाचून?

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातून स्कूटर नेताना मी हेल्मेटची काच पूर्ण खाली ओढून घेते. ज्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढले, त्या शहरात हे वर्तन संशयास्पद दिसते याची मला कल्पना आहे. परंतु त्या चौकालगतच्या एका बोळात माझे नेहमीचे पुस्तकांचे दुकान आहे, दुकानाच्या पायरीवर काका उभे असतात, आणि मी त्यांच्या दृष्टीस पडले की भर रहदारीत खणखणीत आवाजात प्रश्न येतो, "ताई, ते झालं का वाचून?"

काकांचे दुकान कोणत्याही साखळीतले नाही, त्याला शाखा नाही आणि आत तीन गिऱ्हाइके उभी राहिली की चौथ्याने बाहेर चपला सांभाळत थांबायचे, अशी रीत आहे. मात्र या दुकानाला स्वतःचे वार्तापत्र आहे. दर महिन्याच्या एक तारखेला, म्हणजे पगार जमा झाल्याचा संदेश येतो त्याच सकाळी, काका ते बिलबुकाच्या पाठकोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात लिहितात आणि त्याचे छायाचित्र आम्हा सर्व गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर धाडतात. 'आगमन' या सदरात नवी पुस्तके असतात, 'पुनरागमन'मध्ये पुनर्मुद्रणे, आणि 'निधन' या सदरात ज्यांची आवृत्ती संपली असून प्रकाशकाला पुन्हा छापण्याची इच्छा नाही अशी पुस्तके. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने नोंदणीकृत बुक पोस्टाची स्वस्त सेवा बंद केली, तेव्हा 'निधन' सदराला चौकट घालण्यात आली होती. १९४८मध्ये सुरू झालेला, मुंबईच्या फोर्टातला स्ट्रँड बुक स्टॉल हा पुस्तकांचा नामांकित ठेवा २०१८मध्ये बंद झाला, त्याचे वर्षश्राद्धही काका दर फेब्रुवारीत न चुकता घालतात.

अर्थकारणावरही ते लिहितात. कागदावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये बारा टक्क्यांवरून अठरावर गेला, छापील पुस्तकावर मात्र तो शून्यच आहे, त्यामुळे प्रकाशकाने कागदावर भरलेला कर कोठेही वळता होत नाही आणि शेवटी किमतीत येऊन बसतो, हे मला अर्थसंकल्पावरील कोणत्याही चर्चेत समजले नव्हते. काकांनी चार ओळींत समजावले. पाचव्या ओळीत त्यांनी लिहिले होते, "तेव्हा जुन्या किमतीच्या प्रती आहेत तोवर घेऊन जाव्यात." मी गेले आणि घेऊन आले. त्यांतील एकही पुस्तक मला नको होते.

खरा धोका शेवटच्या सदरात असतो. त्याचे नाव 'तुमच्यासाठी', आणि ते प्रत्येकाला वेगळे येते. ऑनलाइन दुकानेही शिफारशी करतात, परंतु त्यांचा स्वभाव अत्यंत उदार आहे. मी एकदा भाचीसाठी बाराखडीचे पुस्तक मागवले, तर ते यंत्र अजूनही मला अक्षरओळख सुचवत असते. मी ती घेतली नाही म्हणून त्याने कधी मान वळवली नाही, आणि घेतली असती तरी 'ज्ञ'पर्यंत पोहोचलात का, असे विचारले नसते. काका विचारतात. मी कोणते पुस्तक कोणत्या पावसाळ्यात नेले, ते त्यांच्या वहीत नाही, डोक्यात आहे, आणि डोके अजून उत्तम चालते.

शिफारस टाळता येत नाही, हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिले आहे. जून महिन्यात सारा चौक पाठ्यपुस्तके आणि वह्यांच्या गठ्ठ्यांखाली दबलेला असतो. तेव्हा एक घामाघूम गृहस्थ चुकून आमच्या बोळात शिरले आणि त्यांनी नववीचे गाईड मागितले. काकांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले, मुलाचा कल विचारला, आणि अर्ध्या तासाने ते गृहस्थ कवितासंग्रह घेऊन बाहेर पडले. त्यांच्या चेहऱ्यावर घरी काय सांगावे याची चिंता स्पष्ट दिसत होती. जाताना काकांनी त्यांचा मोबाइल क्रमांकही वार्तापत्रासाठी उतरवून घेतला.

अशा माणसापुढे 'अजून वाचले नाही' हे उत्तर एकदा चालते. दुसऱ्या वेळी काका काहीच बोलत नाहीत, केवळ पुस्तकांवरची धूळ झटकू लागतात, आणि ते अधिक लागते. म्हणून मी अनुभवाअंती एक अभिप्राय तयार केला आहे, जो मराठीतील कोणत्याही कादंबरीला लागू पडतो : "शेवट जरा घाईत उरकलाय." यामागे विचार आहे. लेखक शेवटाकडे येईतो थकलेला असतो, प्रकाशकाला पुस्तक ग्रंथप्रदर्शनाआधी हवे असते, आणि छपाई सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत होत असल्यामुळे दोन पाने वाढली तरी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. हा अभिप्राय ऐकून काका डोळे मिटून मान हलवत आणि मला पुढचे पुस्तक देत. व्यवस्था उत्तम चालली होती.

तिला पहिला धक्का सासूबाईंनी दिला. मी आणलेली पुस्तके त्या दुपारी वाचून संपवतात, हे मला ठाऊक होते. त्या मंडईतून परतताना दुकानात जाऊन त्यांवर चर्चा करतात, हे ठाऊक नव्हते. "तुमच्या घरात मतभेद फार आहेत हो ताई," असे काका एकदा कौतुकाने म्हणाले, तेव्हा मला वाटले की ते राजकारणाबद्दल बोलत आहेत.

दुसरा धक्का वार्तापत्रातून आला. गेल्या महिन्यात एका नव्या कादंबरीच्या माहितीखाली काकांनी लिहिले होते, "एका चोखंदळ वाचक भगिनीच्या मते शेवट घाईत उरकला आहे. आम्ही सहमत नाही, परंतु मताचा आदर करतो." कादंबरीचे लेखकही काकांचे गिऱ्हाईक निघाले. त्यांनी दुकानात येऊन या भगिनीला भेटण्याची इच्छा व्यक्त केली, आणि काकांना त्यातून कार्यक्रम सुचला. पुण्यात दोन माणसे एका विषयावर असहमत असली की सतरंजी घालायला वेळ लागत नाही. या एक तारखेला 'आगमन' आणि 'निधन' यांच्या मधोमध घोषणा आली : रविवारी सायंकाळी साडेसहा वाजता दुकानासमोरच्या बोळात लेखकाशी गप्पा, संवादक म्हणून माझे पूर्ण नाव, आणि खाली "चहाची सोय आहे, पार्किंगची नाही."

आज शुक्रवार. कादंबरी तीनशे चौऱ्याऐंशी पानांची आहे, आणि ती सासूबाईंच्या उशाखाली आहे. मी मागायला गेले, तर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. "मी दुसऱ्यांदा वाचतेय," त्या म्हणाल्या. "शेवट कुठं घाईत आहे, ते बघायला. मला नाही सापडला बाई. रविवारी पहिल्या रांगेत बसणार आहे, तेव्हा विचारीनच तुला."