पडद्यावरचा ढग आणि खिडकीबाहेरचा ढग

"हवामान अचानक बदललं ही छोट्या विमानांच्या पायलटांची सबब आहे. आता टॅबलेटवर रडार दिसतं. विमान लहान, चटकन वळतं. ढगात शिरलंच तर नाक सरळ धरून पलीकडे निघायचं. आणि बर्फाची भीती फक्त कडाक्याच्या थंडीत." असा संदेश सध्या जोरात फिरतोय.

पहिलं वाक्य मला अर्धं पटतं. बदल बहुधा 'अचानक' नसतोच. संध्याकाळी तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) यांतला फरक 6 अंशांवरून 2 अंशांवर आला, तर धुकं येऊ घातलंय हे तासभर आधी कळू शकतं. पण त्यासाठी आकडे बघावे लागतात, आणि संदेश नेमकं ते सोडून रडारकडे बघायला सांगतो. रडारला पाऊस दिसतो, धुकं नाही.

बरं, पाऊस तरी कधीचा दिसतो? कॉकपिटमध्ये उतरणारं चित्र अनेक रडारांची निरीक्षणं जोडून बनतं. कोपऱ्यात '1 मिनिट' असं वय लिहिलेलं असतं ते जोडकाम झाल्यापासूनचं, निरीक्षणाचं नव्हे. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने 2012 मध्ये यावर इशाराच काढला होता: मूळ माहिती त्या आकड्यापेक्षा 15 ते 20 मिनिटांनी जुनी असू शकते. 120 नॉट (तासाला 120 सागरी मैल) वेगाचं विमान 20 मिनिटांत 40 सागरी मैल कापतं. मोठ्या वादळी ढगापासून निदान 20 मैल लांब राहावं, असा सल्ला असतो. म्हणजे दोन ढगांमधली मोकळी फट तुम्ही पोचेपर्यंत मिटलेली असू शकते. लांबून वळसा घालायला हे चित्र छान, फटीतून वाट काढायला नाही.

चटकन वळण्याचं म्हणाल, तर वादळापुढे धावणारा वाऱ्याचा लोट पावसाच्या आधीच गाठतो. 65 नॉटने उतरत असताना समोरचा 20 नॉटचा वारा एकदम पडला, की हवेतला वेग 45 वर येतो. अनेक छोट्या विमानांच्या पंखांची उचल साधारण तिथेच दगा देते. तिथे वळायला जाणं म्हणजे आगीत तेल.

'नाक सरळ धरून' हा सल्ला मात्र जीवघेणा आहे. इलिनॉय विद्यापीठात 1954 मध्ये उपकरणांवर उडण्याचा अनुभव नसलेल्या 20 जणांना बाहेरचं काही दिसणार नाही अशा स्थितीत उडवून पाहिलं. विसाच्या वीस जणांचा ताबा सुटला, सरासरी 178 सेकंदांत. कारण कानात आहे. विमान अगदी हळू कलंडलं तर आतल्या कानाला पत्ताच लागत नाही. वेग वाढतोय, उंची घटतेय, आणि अंग म्हणतंय, 'सरळ चाललोय.' मग माणूस दांडी स्वतःकडे ओढतो, त्याने गिरकी आणखी आवळते. यासाठी ढगही लागत नाही: अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांचं विमान 1999 मध्ये समुद्रावर रात्रीच्या धूसर हवेत असंच गेलं. ढगात शिरलातच, तर अंगाचं ऐकू नका. नजर उपकरणांवर ठेवून हलक्या वळणाने माघारी फिरा. इलिनॉयच्या त्या मंडळींनाही पुढे हेच शिकवलं गेलं.

राहिला बर्फ. पंखांवरचा नव्हे, कार्ब्युरेटरमधला, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला. हवा दमट असेल तर बाहेर 20-25 अंश असतानाही तो धरतो, कारण पेट्रोलची वाफ होताना आतलं तापमान झपकन उतरतं. पुढच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलता येत नाही अशा विमानात खूण एवढीच, की आरपीएम (मिनिटाला फेरे) दाखवणारा काटा हळूहळू घसरतो. कार्ब्युरेटरमध्ये गरम हवा सोडणारी 'कार्ब्युरेटर हीट'ची मूठ ओढली की काटा आणखी खाली जातो, वितळलेलं पाणी गिळताना इंजिन ठसकतं, खडखडतं. नवखा घाबरून मूठ परत आत ढकलतो. खरं तर तेव्हाच ती ओढून धरून ठेवायची असते.