जास्तीच्या कोंबड्यांचं काय करायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं असं की एकीकडे मी पिल्लं मांडीवर घेऊन फोटो टाकते आणि दुसरीकडे जास्तीचे कोंबडे कापते, हा दुटप्पीपणा आहे, पाळायच्या तर फक्त कोंबड्या पाळा आणि कोंबडे रानात सोडा नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. राग कळतो मला, म्हणूनच नीट लिहिते.

खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या, कोंबडीखाली अंडी ठेवली की एकविसाव्या दिवशी जी पिल्लं निघतात त्यातली साधारण निम्मी नर असतात, ते कुणाच्याच हातात नाही. दीड-दोन महिन्यांत तुरे लाल व्हायला लागतात, मग कळतं कोण काय ते, आणि चार-पाच महिन्यांचे झाले की मारामाऱ्या सुरू. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तिथे चार-पाच ठेवले तर ते एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि कोंबड्यांचे हाल त्याहून वाईट, सारखे अंगावर चढून चढून पाठीची पिसं जातात, कातडी सोलते, बिचाऱ्या दाणे टिपायला पण खाली उतरत नाहीत. मला त्यांचाही विचार करावा लागतो ना.

रानात सोडा म्हणता, पण आमच्या कोकणातल्या रानात मुंगूस आहे, कोल्हे आहेत, भटकी कुत्री आहेत. खुराड्यात वाढलेल्या कोंबड्याला तिथे जे मरण येईल ते मी कुणालाच देणार नाही. आणि देऊन टाकायचं तर कोंबडा मागायला येतं कोण? खाणारे, देवाला राखण म्हणून बळी देणारे, नाहीतर झुंजी लावणारे. झुंजी लावणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे तरी लोक विचारतात, त्यांना मी दारातूनच परत पाठवते.

राहिलं फक्त कोंबड्या पाळायचं. अंड्याला कोंबडा लागत नाही हे खरंय, तयार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या बेतातल्या तरुण कोंबड्या, विकत आणता येतात. पण त्या तलंगांचे भाऊ गेले कुठे? अंड्यांच्या जातीचा नर अंडी देत नाही आणि त्याच्या अंगावर मांसही फारसं धरत नाही, म्हणून हॅचरीत, म्हणजे यंत्रावर पिल्लं उबवतात तिथे, ते पहिल्याच दिवशी मारले जातात, जगभर हेच चालत आलंय, जर्मनीने २०२२ पासून त्यावर बंदी आणली. आपल्याकडे रस्त्यावर गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ना, ती बहुतेक हीच. म्हणजे मी कोंबडे पाळले नाहीत तरी मरण टळत नाही, फक्त माझ्या अंगणात होत नाही. तुम्ही अंडीच खात नसाल तर तुमचा मुद्दा वेगळा, त्याला माझा पूर्ण मान आहे. पण ऑम्लेट खाऊन हा प्रश्न माझ्या एकटीचा म्हणू नका.

माझे कोंबडे पाच-सहा महिने उन्हात, मातीत, मोकळे फिरतात. कापायचा असेल तो रात्री, अंधारात शांत बसलेला असतानाच उचलून डालग्याखाली ठेवतो, म्हणजे पाठलाग नाही, धडपड नाही, आणि पहाटे बाकीच्यांपासून लांब, धारदार सुरीने, एका झटक्यात. ते सोपं जात नाही मला, जाऊही नये. पण एक मात्र तुमच्यासारखंच माझंही ठाम मत आहे, निघणाऱ्या नरांचं काय करणार हे ठरलेलं नसेल तर अंडी रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवूच नयेत. म्हणून मी खुडूक बसलेल्या प्रत्येकीखाली अंडी ठेवत नाही, बाकीच्यांची रोजच्या रोज उचलते.

आत्ताच्या पिल्लांत दोन तांबडे कोंबडे आहेत, स्वभावाने गरीब. तुमच्याकडे जागा, पक्कं खुराडं आणि पहाटेचं आरवणं चालवून घेणारे शेजारी असतील तर कळवा, फुकट देईन, लासोटाची, म्हणजे राणीखेत (मानमोडी) रोगावरची, लस दिलेली आहे.