धुराच्या तक्रारीला दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. मे महिन्यात 950 रुपये देऊन गवत कापायच्या लॉन मोवरचं सर्व्हिसिंग आमच्याकडून करून घेतलंत. गणपतीच्या तोंडावर मशीन बाहेर काढली तर हँडल थरथरतं, नुसता पांढरा धूर, मग बंदच. कार्बोरेटर आम्ही उघडलाच नाही असं तुमचं म्हणणं, आणि फोन केला की दुकानातला पोरगा "उद्या या" म्हणतो. एक स्टार.

शेवटापासून सुरुवात करतो, कारण ती चूक आमचीच. तीनदा "उद्या या" ऐकून कुणाचंही डोकं फिरेल. पूर्वी दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा', म्हणजे 'उद्या ये', लिहायचे ते भुताला परतवायला, गिऱ्हाइकाला नव्हे. पावसाळ्यात ब्रश कटर आणि फवारणी पंपांची रांग लागते खरी, पण त्याचं तुम्हाला काय? आता फोन मीच घेतो.

धुराचं मात्र बोललंच पाहिजे. तुम्ही टाकलेला फोटो जरा मोठा करून बघा. मशीन आडवी केलीय, तुमचा माणूस पाइपनं खालून पाणी मारायलाय, आणि एअर फिल्टरचा काळा डबा फरशीला टेकलाय. घोटाळा तिथंच झाला. या फोर स्ट्रोक इंजिनाच्या पोटात अर्धा लिटरच्या आसपास ऑइल असतं. फिल्टरची बाजू खाली गेली की ते ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या, वाटेनं फिल्टरच्या स्पंजात उतरतं, थोडं सिलिंडरमध्येही जातं. मग इंजिनाला हवा मिळत नाही, प्लग ओला होतो आणि दोरी ओढून ओढून आपला खांदा जातो. आडवी करायचीच तर फिल्टर आणि कार्बोरेटर आभाळाकडं. आणि पात्याजवळ हात घालण्याआधी प्लगची टोपी काढायची, यात हयगय नको. खाली चिकटलेलं गवत आणि तांबडी माती लाकडी पट्टीनं खरवडली तरी निघते, इंजिनावर पाण्याचा मारा नकोच.

कार्बोरेटर उघडला होता सर. बिलावर बाउलचं गॅस्केट, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचं सील, लिहिलेलं आहे, बघा. पण मेमधलं पेट्रोल टाकीत तसंच राहिलं असं तुम्हीच फोनवर म्हणालात. हल्ली पंपावरच्या पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओल धरतं. आणि आपल्या बेळगावच्या जून-जुलैत तर दोरीवरचे कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत! शिवाय जुनं पेट्रोल आटून कार्बोरेटरमधल्या जेटच्या बारीक भोकात डिंकासारखं बसतं. मशीन महिनाभर ठेवून द्यायची असेल तर टाकी रिकामी करायची आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन बंद पडेस्तोवर चालवायचं. हे मे महिन्यातच मशीन तुमच्या ताब्यात देताना सांगायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही.

आता थरथर. पात्याला धार लावल्याचे 150 घेतले होते. धार लावली, पण पातं खिळ्यावर अडकवून तोल बघितलाच नाही, हे पोरानं मला परवा कबूल केलं. एक बाजू जड राहिली की हँडल थरथरणारच. ते 150 परत घेऊन जा. पातं माझ्यासमोर पुन्हा घासून देतो.

पूर्ण 950 मागितलेत, ते मात्र जमणार नाही. ऑइल बदललं होतं, नवा प्लग टाकला होता, तो माल तुमच्याच मशीनमध्ये गेलाय. स्पंज धुणं, कार्बोरेटर साफ करणं, सिलिंडरमधलं ऑइल बाहेर काढणं याची मजुरी घेणार नाही. नवं ऑइल लागलं तर तेवढंच बिल. स्टार किती ठेवायचे ते तुम्ही ठरवा.

उद्यमबागेत सकाळी दहानंतर कधीही या. तोवर दोरी ओढू नका. आणि तिसऱ्या रेल्वे गेटकडनं येणार असाल तर रस्ता तुम्हाला ठाऊकच आहे, मशीन गाडीत आडवी घालू नका, उभीच बांधून आणा.