हे कोणी केलंय?

नळ गळायला लागला की पहिले तीन दिवस काहीही करू नये. खाली बादली ठेवावी. सेकंदाला एक थेंब पडत असला तर रात्रीत १५ लिटरची बादली निम्मी भरते. ते पाणी सकाळी कुंड्यांना घालावं आणि आपण पाण्याची बचत करतो, असं चारचौघांत सांगावं. चौथ्या दिवशी बायको विचारेल, ‘बोलावू का कोणाला?’ या वाक्याचा नळाशी काही संबंध नाही, हे वेळीच ओळखा. ‘कोणाला’ म्हणजे ज्याला येतं त्याला.

झालं. दुरुस्ती आता घरच्या घरीच होणार. स्वतः करावं की माणूस बोलवावा, यावर काही लोक खर्च, वेळ, जोखीम असे रकाने पाडून विचार करतात म्हणे. करोत बिचारे. पुण्यात प्रश्न एवढाच असतो, की दहा मिनिटांच्या कामाचे ३०० रुपये द्यायचे कशाला? ते वाचवायला १२०० लागले तरी हरकत नाही. १२००चं सामान घरात राहतं, ३०० प्लंबरच्या खिशात जातात.

सामानासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ नका. तिथे दहा रुपयांत वॉशर मिळतो आणि काम लगेच संपायची भीती असते. थेट रविवार पेठेतली बोहरी आळी गाठा. तिथे टाचणीएवढ्या खिळ्यापासून मनगटाएवढ्या साखळीपर्यंत सगळं मिळतं, फक्त गाडी लावायला जागा मिळत नाही. सम तारखेला या बाजूला, विषम तारखेला त्या बाजूला, हा फलक वाचून आज तारीख कोणती ते आठवेपर्यंत समोरची जागा दुसऱ्याची झालेली असते.

दुकानदार मान वर न करता विचारतो, ‘किती सूत?’

तुमच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे. त्या चार वर्षांत सूत हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, तुमचा अर्ध्या इंची नळ म्हणजे चार सूत. पण हे तुम्हाला घरी आल्यावर कळणार. ‘वॉशरवाला की सिरॅमिक?’ सिरॅमिक बरं वाटतं ऐकायला. ‘उजवा की डावा?’ पाव वळशात उघडणाऱ्या नळांचे स्पिंडल, म्हणजे आतले फिरते दांडे, दोन्ही दिशांना फिरणारे मिळतात, हीही माहिती आजचीच. ‘जुना काढून आणलाय?’ इथे ‘नाही’ म्हणालात तर सात गिऱ्हाइकं वळून बघतील. ‘उजवाच द्या,’ असं ठणकावून सांगा. पुढचं पुढे.

आलाच आहात तर ड्रिल मशीनही घेऊन टाका. नळाला ते लागत नाही, पण घरात असावं. आयुष्यात त्यातून दोन भोकं पडतात: एक घड्याळ लावायला आणि दुसरं, पहिलं चुकलं म्हणून दोन इंच बाजूला. भोक पाडायला स्विचबोर्डाच्या बरोबर वरची जागा निवडावी. भिंतीतल्या वायरी तिथूनच सरळ वर गेलेल्या असतात, शोधत बसावं लागत नाही.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवातीला मेन व्हॉल्व्ह बंद करावा, असं सगळेच सांगतात. तो असतो डक्टमध्ये, कबुतरांच्या ताब्यात. इमारत झाली त्या वर्षी कोणीतरी तो उघडला, त्यानंतर त्याला माणसाचा हात लागलेला नाही. जोर लावा. चाक हातात येईल, व्हॉल्व्ह जागच्या जागी राहील. शहाणा माणूस इथे थांबेल, पण शहाण्या माणसाने ड्रिल मशीन घेतलेलं नसतं. नळाला फडकं गुंडाळून पान्हा लावा, म्हणजे क्रोमवर ओरखडे उठणार नाहीत. (पान्हा सटकतो आणि ओरखडे उठतातच, पण फडक्याचं समाधान वेगळं.)

नळ हातात आला की थोडं गणित करायला वेळ मिळतो. गच्चीवरची टाकी २० मीटर वर असेल तर पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला दोन किलो. दर दहा मीटरला एक किलो, असा साधा हिशेब. अर्ध्या इंची तोंडावर हा भार होतो अडीच किलो. अडीच किलो म्हणजे काहीच नाही, मंडईतून येताना याहून जास्त कांदे-बटाटे आपण एका हातात आणतो. अंगठ्याने पाइपाचं तोंड सहज दाबून धरता येतं. फक्त मग तो अंगठा तिथेच ठेवावा लागतो आणि फोन बाहेरच्या खोलीत असतो.

तुमची हाक ऐकून कोणीतरी गच्चीवर पळतं, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करतं आणि सोळा घरांचं पाणी जातं. याला जनसंपर्क म्हणतात. पंधरा वर्षांत ज्यांची नावं कळली नव्हती ते सगळे दारात येतात. त्यांतले समोरच्या फ्लॅटमधले काका आत येऊन उभे राहतात. भोसरीत पस्तीस वर्षं सुपरवायझरी केली आहे त्यांनी. ते कशाला हात लावत नाहीत. थोडा वेळ बघून म्हणतात, ‘टेफ्लॉन उलटी गुंडाळलीय तुम्ही.’

त्यांचं म्हणणं बरोबर असतं, हाच तर खरा जाच. आट्यांचं तोंड आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप गुंडाळली, तर नळ पिळताना ती आवळत जाते. उलट गुंडाळली की सुटत येते आणि नळाला पांढरी दाढी फुटते. पुढे काका सफेदा आणि सुतळीच्या काळात शिरतात. तेव्हा म्हणे एकदा बसवलेला सांधा माणसाच्या पश्चात गळायचा. तिथून ते पेशवाईत जातात. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांच्या कारकिर्दीत कात्रजच्या तलावातून थेट शनिवारवाड्यापर्यंत पाणी आलं. पंप नाही, वीज नाही, नुसता जमिनीचा उतार, जमिनीखालून बांधलेला नळ आणि हवा जायला मध्ये मध्ये उच्छ्वास. ‘आणि तुम्हाला एक...’ एवढं बोलून ते थांबतात. पुण्यात अपमानाचं वाक्य पूर्ण करायची पद्धत नाही.

असो. नळ बसतो. उजवा घेतल्यामुळे तो उघडायच्या दिशेला बंद होतो आणि बंद करायच्या दिशेला उघडतो. आता पुन्हा बोहरी आळीत कशाला जायचं? काम चुकलं की ते पुन्हा करायचं नसतं, पाटी लावायची असते. ‘हा नळ उलटा फिरतो. आम्हाला माहीत आहे.’ पाहुणेही मग आदराने हात धुतात.

दुरुस्तीची चाचणी मात्र गुरुवारी घ्या. महापालिकेला देखभालीसाठी पाणी बंद ठेवायचं असलं की बहुधा गुरुवार सापडतो. दुपारनंतर टाकी संपली की नळाखाली कोरडा कागद ठेवून बायकोला बोलवावं. एक थेंब पडणार नाही.

विजेचं काम त्या मानाने सोपं, कपडे भिजत नाहीत. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जसाच्या तसा बदलायला नियमांची आडकाठी नाही; वायरिंगमध्ये फेरफार करायचा तर परवानाधारक ठेकेदार लागतो. म्हणून फेरफाराला फेरफार म्हणायचं नाही, ‘जरा एक पॉइंट काढलाय’ म्हणायचं. पंखा रडतखडत फिरत असेल तर बरेचदा त्याचा कंडेन्सर गेलेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा तो डबीएवढा तुकडा तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळतो, आणि मेन बंद करून तो बदलणं खरोखर जमण्यासारखं आहे. त्यामुळे ते कोणी करत नाही; ‘पंखाच जुना झालाय’ म्हणून नवा आणतात. करतात काय, तर वारंवार पडणारा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, काढून टाकतात. ३० मिलिअँपिअरची गळती झाली की तो पडतो. त्याने पडायचं सोडलं की पडायची पाळी तुमची.

उपदेश करणाऱ्याने थोडं स्वतःचंही सांगावं. आमच्या बाथरूममधून खालच्या काकूंकडे ओल जायला लागली तेव्हा मी पांढरं सिमेंट आणलं, एक रविवार गुडघ्यांवर बसलो आणि फरशीच्या सगळ्या सांध्या भरून काढल्या. काम देखणं झालं होतं, फोटोही काढला. पाणी जात होतं नहाणीच्या ट्रॅपपाशी, म्हणजे जाळीखालच्या वाकड्या पाइपापाशी, फरशीखाली. तिथे मी काहीच केलं नव्हतं, कारण ती जागा दिसत नव्हती.

तीन आठवड्यांनी काकूंनी वर बघायला खाली बोलावलं. छतावर ओलीचा डाग होता आणि त्याच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारलेली होती. त्या रेघेबाहेर दुसरी, तिच्याबाहेर तिसरी. प्रत्येक रेघेला बारीक, सुबक अक्षरात तारीख. १२ जून. १९ जून. ३ जुलै. स्टुलावर चढून, वयाच्या सत्तरीत. माझ्या दुरुस्तीनंतरची रेघ सगळ्यांत बाहेरची होती आणि तीच सगळ्यांत मोठी उडी होती. मी म्हणालो, ‘पाऊस फार झालाय यंदा.’ काकूंनी टीपॉयवरून सोसायटीचे आदर्श उपविधी उचलले. पावसाचं पाणी गच्चीतून वरच्या मजल्यावर झिरपलं तर खर्च सोसायटीचा, संडास-बाथरूमची आतली गळती असली तर सभासदाचा. ‘तुम्ही कितव्या मजल्यावर?’ त्यांनी विचारलं. मी तिसऱ्या. इमारत सात मजली.

तेव्हा कधी ना कधी ‘कोणाला’ तरी बोलवावं लागतं. ओडिशातला केंद्रापाडा जिल्हा प्लंबरांसाठी देशभर ओळखला जातो, तिथल्या पट्टामुंडाईत प्लंबिंग शिकवणारी सरकारी संस्थाच आहे. विद्येचं माहेरघर आपलं, नळांचं त्यांचं. आणि विद्येने गळती थांबत नाही. आमचे प्लंबर तिकडचेच. ‘अर्ध्या तासात पोचतो’ म्हणतात. तो अर्धा तास कोणत्या वारी सुरू होतो, ते सांगत नाहीत.

ते आले की त्यांच्याशी हिंदीत बोलावं. ‘भैया, ये नहाणी का पाणी नीचे झिरपता है, और वो कोपरे में तुंबता भी है.’

‘ट्रॅपचा सांधा गेलाय, फरशी फोडावी लागेल,’ ते मराठीत म्हणतात. वीस वर्षं पुण्यात काढली आहेत त्यांनी. तरी आपण हिंदी सोडू नये.

सामानाची यादी त्यांना करू द्यावी, आणायला मात्र स्वतः जावं. त्यांच्या दुकानात त्यांचं कमिशन असतं. बोहरी आळीत तोच पाइप चाळीस रुपयांनी स्वस्त मिळतो, फक्त थोडा हलका असतो. काम चालू असताना दारात उभं राहून ‘घड्याळाच्या दिशेने ना?’ असं अधूनमधून विचारावं. माणसाला वाटलं पाहिजे, की इथे जाणकार आहे.

एवढं करूनही एक प्रसंग चुकत नाही. कामाला हात घालायच्या आधी ते उकिडवे बसतात, बॅटरी मारतात, जीभ टाळ्याला लावून एक ‘च्‌’ काढतात आणि विचारतात, ‘हे कोणी केलंय?’ डॉक्टर जीभ बाहेर काढायला लावतात, तसं ते आहे. पण चुकूनही ‘मी’ म्हणू नका. दर तिथल्या तिथे वाढतो, आणि मागे बायको उभी असते. ‘आधीच्या मालकांनी’ हे सगळ्यांत सुरक्षित उत्तर. फ्लॅट तुम्ही कोरा करकरीत घेतला असला तरी आधीचे मालक असतातच.

आमची फरशी फोडली, सांधा बदलला, काकूंच्या पेन्सिलीला वर्षभर विश्रांती मिळाली. यंदा जूनमध्ये त्यांनी पुन्हा बोलावलं. नवी रेघ, नवी तारीख. तेच प्लंबर आले, तीच पिशवी, त्याच जागी उकिडवे बसले. बॅटरी मारली. च्‌.

‘हे कोणी केलंय?’

इतक्या वर्षांत प्रथमच माझ्याकडे खरं उत्तर होतं. मी बायकोकडे एकदा बघून घेतलं, म्हटलं, ‘तुम्हीच. गेल्या जुलैत.’

त्यांनी सांध्यावरून सावकाश बोट फिरवलं, पाइपाची कड नखाने खरवडून पाहिली.

‘सामान कोणी आणलं होतं?’