फुकट युनिट घेतलं म्हणून कोणी खोटा ठरत नाही, पण...

नमस्कार. एवढी लांबलचक कमेंट टाकलीत म्हणजे पोस्ट शेवटपर्यंत वाचलीत, आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मी सगळ्याच गॅजेट रिव्ह्यूअरना विकले गेलेले ठरवून टाकलंय, फोन फुकट आला म्हणून माणूस लगेच खोटं बोलत नाही, आणि माझं ऐकलं तर विश्वास ठेवायला कोणी उरणारच नाही.

अहो, फुकट युनिटवर माझा आक्षेपच नाही. लाँचच्या दिवशी रिव्ह्यू हवा असेल तर कंपनीकडूनच फोन घ्यावा लागणार, दुकानात तो आलेलाच नसतो. मला खटकतं ते अटी न सांगणं. ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलच्या टीम पिक्सेल प्रोग्रामची (आपले पिक्सेल फोन इन्फ्लुएन्सरना फुकट देण्याची योजना) अट बाहेर आली होती, आठवत असेल: दुसऱ्या कंपनीचा फोन पिक्सेलपेक्षा जास्त आवडतोय असं दिसलं तर आपलं नातं संपू शकतं. बोभाटा झाल्यावर गूगलने ती काढून टाकली. आता ही अट इन्फ्लुएन्सरच्या प्रोग्रामला होती, पत्रकारांना जाणाऱ्या रिव्ह्यू युनिटना नव्हती हे खरंय, पण व्हिडिओ बघणाऱ्याला कोणाचा फोन कुठल्या दारातून आला हे कळणार कसं?

आणि दर वेळी पाकीटच लागतं असंही नाही, पुढचं युनिट बंद होईल ही धास्ती पुरते. डिसेंबर २०२० मध्ये ग्राफिक्स कार्डं बनवणाऱ्या एनव्हिडियाने हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब चॅनेलला कळवलं की तुम्ही रे ट्रेसिंगला (गेममधला प्रकाश खऱ्यासारखा दाखवण्याचं तंत्र) हवं तेवढं महत्त्व देत नाही, सबब यापुढे आमची स्वतःची फाउंडर्स एडिशन कार्डं रिव्ह्यूसाठी मिळणार नाहीत. ओरड झाली, काही दिवसांत माघार घेतली. पण ते मोठं चॅनेल होतं म्हणून ओरड झाली, छोट्याचं कोण ऐकतंय!

"स्वतःच्या पैशाने घेतलाय" हे मात्र तुम्ही सर्टिफिकेटसारखं वापरलंय, तिथे मी अडतो. खिशातले पैसे घातले की वस्तू चांगलीच वाटायला लागते, आपलं सगळ्यांचं तेच होतं. शिवाय माणूस कितीही सरळ असला तरी आठवड्याभरात दिसतं तेवढंच दिसतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी नोट ७ फोनचं २०१६ मध्ये भरभरून कौतुक झालं, ऑगस्टमध्ये बाजारात आला, बॅटऱ्या पेट घ्यायला लागल्या म्हणून सप्टेंबरमध्ये परत मागवला, ऑक्टोबरमध्ये बंदच केला. त्यात रिव्ह्यूअरची लबाडी शोधण्यात अर्थ नाही.

मग ओळखायचं कसं, तर माझी पद्धत अशी की आत्ता तुमच्या हातात जो फोन आहे, चांगला वर्षभर वापरलेला, त्याचाच त्या माणसाने केलेला जुना रिव्ह्यू काढून बघायचा, नव्या फोनचा नाही. तुमचा फोन चार्जिंगला लावून मॅप चालू ठेवला की तापतो आणि स्क्रीन आपोआप मंद होते ना, ते त्याला दिसलं होतं का? आडवा धरून गेम खेळताना स्पीकर तळहाताखाली दाबला जातो, हे बोलला होता का? "बॅटरी दिवसभर आरामात जाते" म्हणाला असेल तर ब्राइटनेस किती ठेवला होता, वायफायवर होता की मोबाइल डेटावर, काही सांगितलं? यातलं निम्मं जरी त्याने पकडलं असेल तर तो माणूस फोन खरंच वापरतो, मग त्याला युनिट कोणी का पाठवेना. "उन्हात वापरून बघायला मिळालं नाही" असं सरळ सांगणाऱ्याला तर मी दोन मार्क जास्तच देतो (थंबनेलवर तोंड वासलेला फोटो असला तरी).

तुम्ही ज्या चॅनेलचं नाव घेतलंय त्याच्या फोनच्या रिव्ह्यूंबद्दल मी काही बोलणार नाही, कारण मी त्याचे फक्त हेडफोनचे व्हिडिओ बघितलेत. ते चांगले असतात, माझ्याकडच्या हेडफोनची ढिली बिजागरी त्याने बरोबर पकडली होती. फोनचं तुम्हीच तुमच्या फोनवरून तपासा आणि इथे लिहा.