विकतचं ऊन

मे महिन्यात दुपारी बारा वाजता पुण्यात स्कूटरवरून निघालेली बाई कशी दिसते, हे वेगळं सांगायला नको. डोक्यापासून गळ्यापर्यंत स्कार्फ, त्यावर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे आणि वरून सनकोट. सिग्नलला सख्खा नवरा शेजारी येऊन थांबला तरी ओळख पटत नाही. (आमच्याकडे हे घडलंय. त्याने मला बाजूला व्हायला हॉर्न दिला.) अशाच चोख बंदोबस्तात मी परवा मॉलमध्ये गेले, स्कार्फ सोडला, घाम पुसला आणि अकराशे पन्नास रुपये मोजून ऊन विकत घेतलं.

त्या पावडरीला ब्राँझर म्हणतात. ती लावली की चेहरा उन्हात रापल्यासारखा दिसतो.

निमित्त होतं वाईच्या आत्याच्या नातीच्या हळदीचं. लेक म्हणाली, "आई, नुसतं फाउंडेशन लावलंस की तुझा चेहरा नवीन रंग दिलेल्या भिंतीसारखा दिसतो. ब्राँझर घे. गोव्याला चार दिवस राहून आल्यासारखी दिसशील."

आता गोव्याला चार दिवस राहून आल्यावर मी कशी दिसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. कारण दारातच आई म्हणायची, "किती रापलीस गं!" आणि माझी बॅग खाली टेकायच्या आत बेसन, दही, लिंबू कालवायला घ्यायची. माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९७५ साली, फेअर अँड लव्हली बाजारात आली. तिच्या नावातलं 'फेअर' गेलं २०२० साली. मधली सगळी वर्षं मी त्या ट्यूबच्या भरवशावर काढली. स्थळाच्या चिठ्ठीत मी 'निमगोरी' होते, मध्यस्थांच्या तोंडी 'गव्हाळ', आणि शेवटी ज्याने पसंत केलं त्याला रंगांधळेपणा आहे.

तिकडे युरोपात मात्र उलटी गंगा. तिथेही पूर्वी रापलेला चेहरा म्हणजे शेतात राबणारा माणूस, असंच समीकरण होतं. १९२०च्या दशकात फ्रेंच फॅशन डिझायनर कोको शॅनेलसारख्या बायका समुद्रकिनाऱ्यावरून तांबूस होऊन परतल्या आणि रापणं ही एकदम श्रीमंतांची गोष्ट झाली. १९८४ साली पॅरिसच्या गेर्लां कंपनीने उन्हाशिवाय रापायची पावडर काढली आणि तिचं नाव ठेवलं 'टेराकोटा', म्हणजे भाजलेली माती. आमच्या गॅलरीत तिच्या सात कुंड्या आहेत.

दुकानातल्या मुलीने पाच डब्या उघडून मांडल्या. नावं सगळी खाण्याची: हनी, टोस्ट, कॅरॅमल, मोका आणि आणखी एक चॉकलेटचं काहीतरी. आपल्याकडे कुणी हा धंदा काढला तर काकवी, भाजणी, खरपूस भाकरी अशा शेड सहज निघतील.

"मॅम, तुमचा अंडरटोन काय आहे?"

अंडरटोन म्हणजे म्हणे कातडीच्या रंगाखालची झाक. मला टोनच धड सांगता येत नव्हता, अंडरटोन कुठून सांगणार? मग तिने माझं मनगट पालथं-उताणं केलं. शिरा हिरव्या दिसल्या तर वॉर्म, निळ्या-जांभळ्या दिसल्या तर कूल. रक्त तपासायला गेले की लॅबमधल्या माणसाला माझी शीर दोन्ही हातांत मिळून सापडत नाही. ही तिचा रंग शोधत होती.

"यापेक्षा काँटूर बघायचं का?" तीच कंटाळून म्हणाली. "काँटूर सावली देतं, ब्राँझर ऊन देतं."

"सावलीच दे बाई. मे महिना आहे."

पण तो करडा रंग गालाखाली लावल्यावर मी आठवडाभर उपाशी असल्यासारखी दिसायला लागले. पुन्हा ऊन. आपल्या रंगापेक्षा एक-दोन छटा गडद घ्यायचं, हा नियम. हनी लावल्यावर, लावलं की नाही ते तिलाही आठवेना. मोका लावल्यावर वाटलं, कुणीतरी चहा सांडलाय. कॅरॅमलवर तडजोड झाली. त्यात चमक होती. "चमकवालं नको, मॅटच घे," असं लेकीने दहादा बजावलं होतं. मला ते पैसे देऊन झाल्यावर आठवलं.

रात्री चष्मा लावून डबीमागची बारीक अक्षरं वाचली. टाल्क, मायका, आयर्न ऑक्साइड. म्हणजे शंखजिरं, अभ्रक आणि गेरू! आयर्न ऑक्साइड म्हणजे लोखंडाचा गंज, आणि गेरूचा तांबडेपणाही त्याचाच. दिवाळीत रांगोळीखाली सारवायला हा गेरू मी पुडीने आणते, आणि तोही घासाघीस करून.

हळदीच्या दिवशी पहाटे साडेपाचला बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली उभी राहिले. लेक अंथरुणातूनच ओरडली, "काही अवघड नाही गं, दोन्ही बाजूंना तीनचा आकडा काढ. कपाळ, गालाचं हाड, जबडा. झालं!"

ती इंग्रजी शाळेतली. मी जिल्हा परिषदेची. मी आपला मराठी ३ काढला. आमच्या बाईंनी शेपूट काढल्याशिवाय कधी मार्क दिले नाहीत, म्हणून शेपूट काढलं. ते मानेवरून थेट मंगळसूत्रापर्यंत गेलं. दुसऱ्या गालावर तोच आकडा उलटा काढायचा, म्हणजे झाला ६. आरशात त्रेसष्ट! त्यातही एक बाजू गडद झाली म्हणून दुसरीवर थोडं वाढवलं, मग दुसरी गडद झाली म्हणून पहिलीवर. आकडा त्रेसष्टचा असला तरी दोन्ही गालांचं नातं छत्तीसचंच राहिलं. मोठा, मऊ, फुललेला ब्रश घ्यावा लागतो आणि तो आधी झटकावा लागतो, हे मला मागाहून कळलं. माझ्या हातात होता तो डबीबरोबर फुकट मिळालेला, अंगठ्याएवढा.

ट्यूबलाइटमध्ये तरीही मी बरी दिसत होते. खंबाटकी घाटात समोरून ऊन आलं, मी गाडीतला आरसा खाली ओढला आणि पुढे सुरूर फाट्यापर्यंत कुणाशी बोलले नाही. नवऱ्याने एकदा वळून पाहिलं. "काय झालं? गाडी लागतेय का?" एवढंच.

वाईत आत्याचं अंगण सारवून, नवं तुळशीवृंदावन रंगवून तयार होतं. मी पायरी चढते न चढते तोच आत्या पुढे आली.

"अगं अगं, केवढी रापलीस! एवढ्या उन्हातून कशाला आलीस? ए, हिला आधी पन्हं द्या रे कुणीतरी!"

लेकीने मागून माझा दंड दाबला. तिच्या मते ब्राँझर शंभर टक्के यशस्वी झालं होतं. उन्हातून आल्यासारखं दिसायला घेतलं होतं आणि मी उन्हातून आल्यासारखी दिसत होते. बीचवरून आले की एसटीच्या रांगेतून, एवढाच काय तो प्रश्न. मी मुकाट्याने पन्हं प्यायले. दोन ग्लास.

तेवढ्यात आत्याने पदराचं टोक पन्ह्याशेजारच्या तांब्यात बुडवलं आणि मला काही बोलू न देता, लहानपणी पुसायची तसा माझा चेहरा खसाखसा पुसला. आधी तीन, मग सहा, मग शेपूट. मग पदर डोळ्यांजवळ नेऊन तिने निरखून पाहिला.

"काय गं, वृंदावनाला टेकली होतीस का? गेरू ओला आहे अजून."